सातवी मंडळी

पाळक नोल्डी रुमेंगान यांच्याकडे सहा मंडळ्या होत्या. लांगोवान शहराच्या वरच्या डोंगरांत सहा गावं, सहा गावांत सहा प्रार्थनाघरं, आणि सगळ्यांत मिळून पाळक एकच. स्वयंपाकघराच्या दारावर त्यांच्या हातची यादी चिकटवलेली असे, पट्टीने रेघा मारून केलेली: कोणत्या शब्बाथाला, म्हणजे शनिवारच्या प्रार्थनेला, कोणतं गाव. तीन-तीन महिन्यांचं आधीच ठरलेलं. सातवी मंडळी मात्र घरात होती. तिचं नाव मेइस्के, आणि सोळा वर्षांच्या संसारात त्या यादीत तिचा नंबर एकदाही लागला नव्हता.

नाव तरी तिला कुठे राहिलं होतं म्हणा. बाजारात, मिक्रोलेट गाडीच्या गर्दीत, मयताच्या घरी, जिथे जाईल तिथे ती पाळकबाई. घरात मुलींची मम्मा, आणि मुलींचं ऐकून ऐकून नवऱ्याचीही मम्माच. "मम्मा, माझा टाय कुठे आहे?" "मम्मा, पंपाची किल्ली?" "मम्मा, त्या वरच्या गावातल्या आजारी म्हातारीचं नाव काय गं?" शास्त्रातली शंभर वचनं आकड्यांसकट पाठ असलेल्या या माणसाला स्वतःचा टाय कुठल्या खिळ्याला टांगलाय ते सोळा वर्षांत सापडलं नव्हतं. दर शनिवारी सकाळी तोच प्रश्न, आणि खिळाही तोच.

तीही काही कमी नव्हती. मोटारसायकल अंगणात शिरली, की हेल्मेट उतरायच्या आत तिचे पाच प्रश्न त्याच्या अंगावर पडलेले असत. नळ गळतोय त्याचं काय? थोरल्या केरेनच्या शाळेतून चिठ्ठी आली, ती वाचली का? छपराचा पत्रा कोण बसवणार? एरवी तो हाती लागतोच कुठे? सोमवार सुट्टीचा म्हणायचा, पण लोक सोमवार बघून मरत नाहीत, भांडत नाहीत की बाळंत होत नाहीत. मंगळवारी घरोघरी अभ्यास, बुधवारी प्रार्थना, मध्येच कुणाच्या शेतात लवंगांची काढणी संपली म्हणून आभाराचं जेवण. तिथे सगळे डुकराच्या मांसावर तुटून पडलेले, आणि ते वर्ज्य असलेले पाळक कोपऱ्यात उकडलेली अंडी सोलत बसलेले. घरी परतले की टेबलाशी बसून प्रवचन लिहायचं, तेही एका हाताने फोनवर बोलत. मेइस्केला बायकांची सभा होती, लहान मुलांचा वर्ग होता, आणि केव्हाही टपकणारे पाहुणे होते. तेरा वर्षांची केरेन प्रार्थनेला पेटी वाजवायची, सात वर्षांची टिर्झा गाण्याच्या वह्या वाटायची. अख्खं घर त्या यादीच्या तालावर धावत होतं.

हे सगळं मेइस्केने चालवून घेतलं असतं. तिचं भांडण फक्त शुक्रवारच्या सूर्याशी होतं.

शब्बाथ उघडतो शुक्रवारी सूर्य मावळताना, आणि बंद होतो शनिवारी मावळताना. मधल्या वेळात चूल नाही, बाजार नाही, पैशाला हात नाही. पेट्रोलसुद्धा विकत घ्यायचं नाही. त्यामुळे सूर्याने माणसाला जिथे गाठलं, तिथेच तो हात धुऊन गाणं म्हणायला बसतो. एरवी ठीक आहे. पण पाळकांना सूर्य नेमका सहा गावांतल्या पिनालुआनलाच गाठायचा. गेल्या अकरा शुक्रवारांतले सात शुक्रवार. कधी दरड आली, कधी चेन तुटली, कधी वरच्या गावांतून उतरता उतरता उशीर झाला. आणि पिनालुआनला मुक्काम म्हणजे ओल्फीच्या घरी, कारण पाहुण्याला वेगळी खोली तिथेच होती.

इकडे मेइस्के मुलींना न्हाऊ-माखू घालून, भांडी घासून, ओटा पुसून दिवा लावायची आणि तिघी मिळून शब्बाथ उघडायच्या. गाणं संपलं की टिर्झा विचारायची, "पापा आज कोणत्या मंडळीत?"

"पिनालुआन," मेइस्के सांगायची, आणि ते नाव तिच्या तोंडात कडू लागायचं.

ओल्फी विधवा होती, माडाच्या रसाचा गूळ करून विकायची. काळी, रुंद खांद्यांची, चाळिशी उलटलेली, हसली की सोन्याचा दात दिसायचा. देखणी मुळीच नव्हती, आणि मेइस्केला तेच जास्त झोंबायचं. देखणी असती तर निदान कारण तरी कळलं असतं. पाळक तिच्याकडून आले की चेहरा उजळलेला, पाठ सरळ, आवाज मोकळा. सोबत पानात बांधलेला गुळाचा गोळा. मुली तुटून पडायच्या. मेइस्के म्हणायची, मला गोड चालत नाही हल्ली.

मग बुधवारी बटण सापडलं. शर्ट धुवायला घेतला तर वरून तिसरं बटण निळ्या दोऱ्याने शिवलेलं. घरात निळा दोरा नव्हता. तरी तिने शिवणाचा डबा उलटा करून पाहिला, न जाणो.

"हे बटण कोणी शिवलं?"

"कोणतं?" पाळक प्रवचनातून डोकं वर न काढता म्हणाले.

"हे. निळं."

"असेल कोणीतरी."

"बटणं आपोआप शिवली जात नाहीत, पापा."

"मग ओल्फीने असेल." असं म्हणाले, जसं काही बाहेर ढग आलेत असं सांगताहेत.

मेइस्केच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या बाईच्या हातचं जेवण एक वेळ गिळता येतं, पण बटण! बटण शिवायला माणूस किती जवळ यावा लागतो ते काय तिला माहीत नव्हतं? तिने शर्ट बादलीत आपटला.

"या शुक्रवारी सूर्य आपल्या घरी मावळला पाहिजे," ती म्हणाली.

"सूर्य काय माझ्या हातात आहे?"

"मोटारसायकल तर आहे ना हातात?"

"बघतो," पाळक म्हणाले. आणि ‘बघतो’ म्हणजे काय ते पाळकाच्या बायकोला कोणी समजावून सांगायला नको.

तरीसुद्धा शुक्रवारी ती आशेवर राबली. शुक्रवार म्हणजे तयारीचा दिवस, उद्याचं सगळं आजच उरकायचं. पाळक पहाटेच एका मयतीला वर गेले होते. तिने भोपळा, मका आणि पालेभाज्या घालून तिनुतुआनची पेज शिजवली, धुरावलेला मासा मिरचीत परतला, चार जणांचे कपडे इस्त्री केले, चार जोडी बूट चमकवून ओळीने मांडले. पाळकांचे सगळ्यांत आधी.

अडीच वाजता तान्ते फेमी, म्हणजे फेमीमावशी, आली. ही मंडळीतली सगळ्यांत जुनी बाई, आणि तिच्या नजरेतून डोंगरावरचं काही सुटायचं नाही.

"पाळक वरच आहेत ना? आत्ता पाहिलं त्यांना, पिनालुआनच्या वळणावर."

"खाली येत होते?" मेइस्केने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"छे! वर चालले होते. आणि काय ती घाई! ओल्फीचा गूळ करपायला आला असेल बाई," म्हणून तान्ते फेमी स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसली.

ती गेल्यावर मेइस्केने कमरेचा फडका सोडला. शेजारच्या म्हाताऱ्या ओमा रितला मुलींकडे लक्ष द्यायला सांगितलं. केरेनला म्हणाली, "मला उशीर झालाच तर तू शब्बाथ उघड. मी पापांना घेऊन येते."

"मम्मा, पण पापा..."

"पापांना सूर्य सापडत नाही. मी दाखवते."

रागाच्या भरात फोन चार्जरलाच राहिला. मिक्रोलेटने ती वळणापर्यंत गेली, तिथे बऱ्याच वेळाने पिनालुआनचाच एक मोटारसायकलवाला मिळाला, त्याच्या मागे बसली. वाटभर तिने वाक्यं जुळवली. ओरडायचं नाही. रडायचं तर मुळीच नाही. सरळ आत जायचं, त्याच्या समोरच्या खुर्चीत बसायचं आणि म्हणायचं, शुभ शब्बाथ, पापा. मग फक्त चेहरा बघायचा. तो चेहरा तिने इतक्या वेळा मनात पाहिला की पोचेपर्यंत तिची खात्रीच झाली होती.

पाच वाजून गेले होते. मोटारसायकलवाला तिला ओल्फीच्या अंगणात उतरवून पळालाच, त्याचे बूट चमकवायचे राहिले होते. ओल्फी अंगणात गुळाची कढई घासत होती, कोपरापर्यंत हात काळे. मेइस्केला बघून तिने घासणी टाकली.

"पाळकबाई! कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. पाळक कुठे आहेत?"

"पाळक? ते तर दुपारीच येऊन गेले, उभ्या उभ्या. म्हणाले, ओल्फी, सगळ्यांना निरोप दे, आज मुक्कामाला नाही, सकाळीच येतो. आज म्हणे घरी शब्बाथ उघडायचाय." ओल्फीने हात झटकले. "खालच्या रस्त्याने गेले, पेट्रोल भरून घ्यायला. एव्हाना पोचले पण असतील."

मेइस्के खाली पायरीवर बसली. समोर सोपुतान डोंगराच्या माथ्याला सूर्य टेकला होता. पिनालुआन हे अख्खं गाव शब्बाथ पाळणारं, या वेळेला गावातलं एकूण एक इंजिन गप्प झालेलं. चालत जावं तर चौदा किलोमीटर. तिने मागितलेला एकच शुक्रवार आज तिच्या घरात उतरत होता, चमकवलेले बूट मांडून ठेवलेल्या घरात, आणि ती बसली होती ओल्फीच्या पायरीवर.

"मी एक सोळा वर्षांची मूर्ख आहे," ती म्हणाली.

"सोळा वर्षांच्या तर नसाल," ओल्फी म्हणाली. "थांबा, निरोप धाडते. फोन लागतो आमच्याकडे, पण फक्त कब्रस्तानात. मेलेल्यांची सोय चांगली आहे."

ती टेकाडावर गेली, तिथे फोन लवकर लागेना, आणि सूर्य बुडाल्यावरच परत आली.

"काय म्हणाले?"

"‘बरं’ म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच."

ओल्फीने हातपाय धुतले, दिवा लावला, आणि दोघी आत बसल्या. आत भिंतीलगत वेताने विणलेला एक लांब बाक होता, त्यावर एक चपटी उशी. गाण्याची वही उघडण्याआधी मेइस्केला राहवलं नाही. शब्बाथ असा मनात काटा ठेवून उघडायचा नसतो, असं तीच बायकांच्या सभेत सांगायची.

"त्यांच्या शर्टाचं बटण तू शिवलंस?"

"निळ्या दोऱ्याने? हो. पांढरा संपला होता."

"शर्ट काढून दिला त्यांनी?"

"छे, कुठला काढतात! अंगावरच शिवलं."

मेइस्केच्या कानांतून वाफा निघाल्या. "अंगावर?"

"मग काय करू? झोपले होते ना! हाक मारली, हलवलं, छातीशी सुई नाचवली, माणूस जागा होईल तर शपथ. दोऱ्याचं टोक दातांनी नाही हो तोडलं, कात्री घेतली," ओल्फी मोठ्याने हसली, आणि मेइस्के हसत नाही असं पाहून थांबली. "पाळकबाई, तुम्हाला काय वाटलं?"

काय वाटलं ते तिच्या तोंडावर लिहिलेलंच होतं.

"अगं बाई," ओल्फी हळूच म्हणाली. मग तिने त्या बाकाकडे बोट केलं. "ते येतात, तिथे टेकतात, आणि पहिल्या गाण्याचं दुसरं कडवं ऐकायला जागे नसतात. शब्बाथ आम्हीच उघडतो, मी आणि शेजारीण. पाळकांचं घोरणं साथीला. सकाळी उठतात ते गालावर वेताची नक्षी घेऊन. सात वेळा हेच झालं. कोणाला सांगू नकोस म्हणाले, मंडळी काय म्हणेल."

"झोपतात?"

"झोपतात. इथे त्यांना कोणी काही विचारत नाही ना. मला विचारायचं होतं ते सगळं मी माझ्या नवऱ्याला विचारून संपवलं. आता रस उतू जात नाही ना, एवढंच बघते."

मेइस्केला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट आत्तापर्यंतचा मत्सर पोरकट वाटावा असा नवा मत्सर तिच्या मनात उठला. घरी हा माणूस रात्री अंथरुणातही एक डोळा फोनवर ठेवून पडतो. कूस बदलली तरी विचारतो, काय झालं? तिने त्याला गाढ झोपलेला शेवटचा कधी पाहिला, केरेनच्या जन्माआधी? तिच्या वाटणीची ती झोप तो इथे आणून टाकत होता, या बाईच्या बाकावर, फुकट. तिला त्या चपट्या उशीचा राग आला. वेताचा राग आला. चूक कोणाची तेही कळत होतं, नळ आणि पत्रा आणि चिठ्ठ्या सगळं आठवत होतं, आणि त्याने राग काही कमी होत नव्हता.

"मीही विचारलं नसतं," ती म्हणाली. "पण मग मी कोणाला विचारायचं? मला दिवसभर सगळे विचारतात. माझा बाक कुठे आहे?"

ओल्फीने उठून उशी झटकली, पालथी केली आणि बाकाच्या टोकाला ठेवली. "टेक जरा, मेइस्के," ती म्हणाली. पाळकबाई नाही, मेइस्के. "मी गाणं धरते."

मेइस्के टेकली ती फक्त आब राखायला. उशीला नवऱ्याच्या डोक्याच्या तेलाचा वास होता, तो ओळखून तिने दात आवळले. ओल्फीचा आवाज जाडाभरडा होता, सूर जागेवर नव्हता. पहिलं कडवं मेइस्केने ऐकलं.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं आणि अंगणात ओळखीचं इंजिन बंद होत होतं. ती तशीच उठून दारात आली. पाळक मोटारसायकलवरून उतरत होते. पुढे टिर्झा, मागे केरेन. टिर्झाच्या दोन वेण्या दोन वेगळ्या उंचीवर, म्हणजे त्या पापांनी घातल्या होत्या. बूट मात्र तिघांचे चमकत होते. चौथी जोडी पिशवीतून आणली होती.

टिर्झा धावत येऊन कमरेला बिलगली.

"मम्मा, काल पापा घरी होते! सूर्य मावळायच्या आधी! आंघोळ पण केली होती. आणि आम्ही गाणं म्हटलं, आणि मी विचारलं, मम्मा आज कोणत्या मंडळीत?"

"मग पापा काय म्हणाले?"

"काहीच नाही म्हणाले. तेव्हा निरोप नव्हता आला. पापा दारात जाऊन उभे राहिले."

पाळकांनी हेल्मेट काढून हाताला अडकवलं. रात्रभर झोपले नसावेत. कदाचित तिचे सात शुक्रवार त्यांना त्या एका संध्याकाळी दारात उभं राहूनच कळले होते. रागावून काहीतरी बोलणार, असं तोंड त्यांनी उघडलंही. तेवढ्यात त्यांची नजर तिच्या उजव्या गालावर गेली.

तिने हात लावून पाहिलं. गालभर वेताची नक्षी उठली होती.

पाळक तो गाल बघत राहिले. ही नक्षी त्यांना आरशातून माहीत होती, ती जावी म्हणून गाल चोळायची सवयही होती. तिला काय काय कळलंय ते त्यांना कळलं. ओल्फी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि दोघांकडे बघून तशीच मागे फिरली.

"झोप लागली?" पाळकांनी विचारलं.

"लागली," मेइस्के म्हणाली. "आणि पापा, माझा राग गेलेला नाही. बटणाचा गेला. झोपेचा नाही गेला."

"बरं," पाळक म्हणाले. या वेळी ते ‘बरं’ तिला पुरेसं वाटलं.

खाली प्रार्थनाघरापाशी माणसं जमायला लागली होती. केरेन पेटी उघडायला पुढे गेली. पाळकांनी आतल्या खोलीत जाऊन शर्ट बदलला, तोच, निळ्या दोऱ्याच्या बटणाचा, बाहेर आले, गळ्याशी हात नेला आणि सवयीने म्हणाले, "मम्मा, माझा..."

आणि थांबले. तिच्या गालाकडे त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं. मग खाली बसून, पिशवी मांडीवर घेऊन, एकेक कपडा बाहेर काढत स्वतःच टाय शोधू लागले.

टाय पिशवीच्याच वरच्या खिशात होता. मेइस्केला दिसत होता. तिने सांगितलं नाही. दाराच्या चौकटीला टेकून, गालावरचा हात न काढता, ती त्यांना शोधताना बघत उभी राहिली.